आबाचा काकडा, दामूची तार

माजं नाव हिरा. माहेर केळव्याकडे, दांड्याला, सासर तारापूरच्या बाजूला, आनि आता रायते बोईसरला मुलाच्या घरी, तिसऱ्या माळ्यावर, खिडकीतून बगितलं तर कारखान्याची चिमनी दिसते, दर्या दिसत नाय, वारा पडला तर दर्याचा वास पन येत नाय. तुमी बोललात लग्नातल्या बत्तीची गोष्ट सांगा, नातीनं तुमाला काय तरी वरवर सांगितलं असेल, ती सगळंच वरवर सांगते. मी आपली पहिल्यापासून सांगनार. मदूनच सुरवात केली की माजंच मला कळत नाय. आनि तो चहा घ्या पहिला, निवला की परत तापवायला मी उठनार नाय.

आमी मांगेले. दर्यावर जगनारी मानसं. माजे वडील, त्यांना आमी आबा बोलायचो, त्यांची एक होडी होती, घर कुडाचं, पुढं मोठं खळं, खळ्यावर बोंबील सुकवायला बांबू बांदलेले. भाऊ एकच, दामूदादा, माज्याहून मोठा. आय मासळीची पाटी डोक्यावर घेऊन माकुणसारपर्यंत चालत जायची, वाडीवाल्यांच्या दारोदार, आनि येताना पाटीत केळी नायतर भाजी घेऊन यायची. मी पन तिच्याबरोबर जायची, पायात काय नाय, काय सांगू तुमाला, चैत्रातल्या रेतीवर पाय ठेवून बगा कदी, मग कळेल.

आबाचं गावात दोन गोष्टींसाठी नाव होतं. एक जाळ्याची गाठ आनि दुसरी बत्ती. जाळं फाटलं की लोकं आबाकडे आनायचे, नायतर राघोमामाकडे, राघोमामा म्हंजे आयचा भाऊ, आमच्या शेजारीच त्याचं घर. दोगांच्यात कायम चडाओड, कोनाची गाठ पक्की. मामा बोलायचा, माजी गाठ मुशीसारख्या दांडग्या माशानं ओडली तरी सुटनार नाय. आबा बोलायचा, मुशीला विचारून आलास काय रे. असे ते बसायचे खळ्यावर, हात चालू, तोंड चालू. ती गाठ ध्यानात ठेवा, पुढं लागनार हाय.

आता बत्ती. आमच्या आळीत रीत अशी, की मुलीच्या लग्नात वरात येते आनि मांडवाच्या बाहेर थांबते. नवऱ्यानं आत पाऊल टाकायचं नाय. समोर खळ्यावर शोभेच्या दारूचं झाड उबं केलेलं असतं, म्हंजे एक उंच बांबू, त्याला आडव्या काठ्या, काठ्यांना नळे बांदलेले. मुलीचा बाप तेलाचा काकडा पेटवून घेतो, चालत जातो, आनि आपल्या हातानं झाडाला बत्ती लावतो. झाड पेटलं, त्याचा उजेड मांडवावर पडला, की मग नवरा आत. का, तर पोरगी परक्या घरी चालली, तिच्या वाटेवर पहिला उजेड बापाच्या हातचा पायजे. बाप नसला, आजारी असला, तर भावकीतला कोनी तरी लावायचा. आनि भावकीतला कोनी तरी म्हंजे आबाच, कारन त्याचा हात कदी हलायचा नाय.

तोच हात गेला. माज्या चुलत बहिनीच्या लग्नात गेला. काका तापानं पडलेला, म्हनून आबानं बत्ती लावली. झाड पेटलं, सगळं छान झालं, एकच नळा रायला, काळाच रायला, पेटला नाय. आबा थोडा थांबला, मग बगायला वाकला. पेटला नाय असं आपल्याला वाटतं हो, पन आत काय चाललंय ते कोनाला दिसतं. तो फुटला. उजवा डोळा गेला, आनि उजव्या हाताची मदली तीन बोटं गेली, अंगठा आनि करंगळी तेवढी रायली. बैलगाडीत घालून पालघरला नेला त्याला, आय गाडीच्या मागं धावत गेली, मी आयच्या मागं. त्या दिवसाचं मी जास्त सांगनार नाय, विचारू नका.

मग आबा ओट्यावर बसला. जाळं विनता येईना. होडीवर जायचा, पन डोल, म्हंजे ते मोठं जाळं, ओडायला दोन हात लागतात. आमची जाळी राघोमामा बांदून द्यायला लागला, आनि आबा ते बगत बसायचा आनि काय बोलायचा नाय. पहिले किती टोमने मारायचा तो मामाला, आता एक नाय. मामालाच ते सहन व्हायचं नाय, तो मुद्दाम बोलायचा, बग रे ही गाठ, बग मुशी तोडेल काय. आबा तोंड फिरवायचा. मला वाटतं मामाला सगळ्यात जास्त तेच लागलं असेल.

अशात माजं लगीन ठरलं. मुलगा तारापूरच्या बाजूचा, चांगला, स्वभावानं गरीब, आता नाय रायला तो, त्याचं काय वाईट सांगायला नाय माज्याकडे. सुपारी फुटली त्याच दिवशी आबा बोलला, हिरीच्या लग्नात बत्ती मी लावनार.

आय बोलली, भावकीतल्या कोनाला तरी लावू दे. आबा बोलला, मी मेलो काय. आय बोलली, मग झाडच नको, वरात अशीच आत घेऊ. आबा बोलला, झाड नाय तर लगीन नाय. आयनं दोन दिवस अन्न सोडलं. आबानं पन सोडलं, तिच्यावर राग म्हनून. मी रांदून ठेवायची आनि मांजर खायची, असं चाललं होतं आमच्या घरात माज्या लग्नाचं. मी रात्रंदिवस एकच बगत होते, आबा काकडा घेऊन चाललाय, एका डोळ्यानं त्याला अंतर कळत नाय, पानी प्यायला तांब्या घ्यायचा तर हात बाजूला जायचा त्याचा, आनि हा मानूस आगीजवळ जानार, दोन बोटांत काकडा धरून, शुभाचं काम उजव्याच हातानं करायचं ना. दुसरा डोळा गेला तर. मला लग्नाचा आनंद नव्हता, काय खोटं सांगू. मला वाटायचं हे लगीन मोडलेलं बरं.

दामूदादा तेव्हा तारापूरला कामावर होता. तिथं मोठं काम निगालं होतं, खडक फोडायचे, सुरुंग लागायचे, आमच्याकडे वारा असला तर आवाज यायचा, आय बोलायची ढग नाय आनि गडगडतंय. दादा वायरमनच्या हाताखाली होता. त्यानं बगितलं होतं की सुरुंग पेटवायला कोनी काडी घेऊन जात नाय. तारा टाकतात, मानूस लांब बसतो, बटन दाबतो. तो सुट्टीला आला, घरातलं हे बगितलं, आनि ओट्यावर आबाजवळ बसून बोलला, आबा, बत्ती तूच लाव. पन काकडा नको, बटन दाब.

आबा बोलला, बटनाला आग असते काय. दादा बोलला, तुजा हात बटनावर, तिथून तारेतून जाईल आग, झाडापर्यंत, हात तुजाच ना. मुंबईत शोभेच्या दारूवाल्याकडे विजेच्या काड्या मिळतात, काडीला दोन बारीक तारा असतात, वीज आली की काडी पेटते, काडीनं वात पेटते. आबा बोलला, आनि लोकं काय बोलतील. दादा बोलला, लोकं बोलतील दांड्यात पहिली विजेची बत्ती कोनी लावली, तर हिरीच्या बापानं. आबा हसला. डोळा गेल्यापासून पहिल्यांदा हसला. आयनं आत जाऊन पोटभर जेवून घेतलं, आनि मी पन.

तर लग्नाचा दिवस. खळ्यावर झाड उबं केलं. दादानं बोईसरच्या भंगारवाल्याकडून जुन्या मोटारीतली तार आनली होती, भेंडोळं होतं मोठं, तांब्याची, चकचकीत, तुकडे तुकडे होते, ते जोडत जोडत मांडवापासून झाडापर्यंत न्यायचे. त्या तारेवर लाखेसारखा लेप असतो. दिसत नाय तो, उगडं तांबंच वाटतं, पन तो खरवडल्याशिवाय वीज एका तारेतून दुसरीत जात नाय. दादानं बटनाजवळचा पहिला जोड स्वतः केला, सुरीनं खरवडून. तेवढ्यात निरोप आला की लॉरीची बॅटरी पालघरला तयार हाय, येऊन घेऊन जा. दादा निगाला. जाताना राघोमामाला बोलला, मामा, बाकीचे जोड तू मारून ठेव.

आता खरवड असं दादा बोलला की नाय, ह्यावर ते दोगं मरेपर्यंत भांडले. दादा बोलायचा, मी सांगितलं होतं खरवड. मामा बोलायचा, तू बोललास नीट बांद. मी घरात हळद लावून बसलेली, मला काय ठावं. पन मामानं मन लावून बांदलं, ते मी खिडकीतून बगत होते. ती त्याची जाळ्याची गाठ. तारेला. प्रत्येक जोडाला दोन्ही टोकं घेऊन अशी गाठ मारायचा, पायाचा अंगठा लावून ओडायचा, आनि पुढं सरकायचा. आबा त्याच्या मागून मागून चालत होता, डाव्या हातानं प्रत्येक गाठ ओडून बगत होता. आनि बोलला, राघ्या, चांगली हाय. मामाचं तोंड असं खुललं. एवढ्या दिवसांनी आबा त्याच्याशी गाठीचं बोलला. मला बरं वाटलं बगून. कोनाला काय माहीत.

दादा बॅटरी घेऊन आला तर दिवेलागनीची वेळ झालेली आनि वरात पन आली, वेळेच्या अगोदर. आमच्याकडे वरात उशीर करते, ही कशी लवकर आली देव जाने. वाजंत्री वाजायला लागली. दादानं धावत धावत तारा बगितल्या, ओडून बगितल्या, पक्क्या. झाडाजवळ जाऊन काड्या लावून आला, बॅटरी जोडली, आबाला पाटावर बसवलं, मांडीवर लाकडाची फळी, फळीवर बटन, असं दारावरच्या घंटेचं असतं तसं. आबानं नवा सदरा घातलेला. आयनं बटनाला कुंकू लावलं.

आबानं बटन दाबलं.

काय नाय झालं. वाजंत्रीवाले थांबलेले, सगळे झाडाकडे बगतायत, आनि झाड आपलं काळं. आबानं परत दाबलं. परत. जोरात दाबलं, अंगठ्यानं, फळी मांडीवरून सरकली. मांडवाबाहेर कोनी तरी हसलं. मी आतून बगत होते, मला आबाची मान दिसत होती, ती मान अशी आत गेली, खांद्यात.

दादानं पहिलं काय केलं असेल तर बॅटरीची तार काडून टाकली आनि फळी आपल्या काखेत घेतली. मोठ्यानं बोलला, कोनी झाडाजवळ जायचं नाय. कामावर आमाला शिकवलंय, नाय पेटलं तर थांबायचं, पेटलं नाय असं दिसतं तेव्हाच जास्त भ्यायचं. एक पंगत उठेल एवढा वेळ कोनी हलायचं नाय. आबानं ते ऐकलं. आबाला ते शिकवायला नको होतं, त्याच्या अंगावर लिवलेलं होतं ते.

पन वरातीला काय त्याचं. नवऱ्याचा एक काका होता, मोठा तोंडाळ, तो बाहेरून बोलला, आमी रातभर हितंच उबे रानार काय, बापाला पोरीची बत्ती लावता येत नाय तर सांगा, आमी लावतो. तेवढं एकच बोलला. आबा उठला. भिंतीला काकडा ठेवलेला होता. तो कोनी ठेवलेला, मला माहीत नाय, आबानंच लपवून ठेवला असेल. चुलीवर नेऊन पेटवला आनि चालायला लागला खळ्यावरून.

आय ओरडली नाय, ती खालीच बसली. दादा झाडाच्या पलीकडे, लोकांना मागं सारत होता. मामा तारेजवळ बसून गाठी चाचपत होता, बोलत होता, माजी गाठ सुटली नाय, बगा, माजी गाठ सुटली नाय. बाकी सगळे बगत होते. एवढी मानसं, भावकी, गाववाले, एक पुढं झाला नाय. मुलीचा बाप बत्ती लावायला चाललाय, त्याला अडवायचं नसतं ना. अपशकुन.

मी उठले. बायका बोलल्या, नवरीनं पाटावरून उठायचं नसतं, एकीनं माजा पदर धरला, तो तिच्या हातात थोडा फाटून रायला. अंगाला हळद, डोक्याला मुंडावळ्या, मी खळ्यावर धावत गेले आनि आबाच्या पुढं उबी रायले.

आबा बोलला, बाजूला हो. मी बोलले, नाय होत. आबा बोलला, हिरे, लोकं बगतात. मी बोलले, बगू दे, लोकांचा डोळा नाय गेला, तुजा गेलाय. आबा बोलला, तुज्या वाटेवर अंदार रायला तर. मी बोलले, राहू दे अंदार, मला चालता येतं, तुला तांब्या धरता येत नाय. बगा, असं बोलले मी बापाला, लग्नाच्या दिवशी, सगळ्यांसमोर. आनि त्याचा तो हात धरला, दोन बोटांचा, दोन्ही हातांनी. तो ओडत होता, मी सोडत नव्हते. काकड्याचं तेल माज्या मनगटावर पडलं, हे बगा, हा डाग, हाच तो. मी हात सोडला नाय. तसेच उबे रायलो दोगं, काकडा जळून जळून विझला तोपर्यंत.

एवढ्यात थांबायचा वेळ संपला, आनि झाड काय उसळलं नाय. दादा एकटा गेला झाडाजवळ, वरून पानी ओतायला घागर ठेवली बाजूला, काड्यांच्या तारा तोडून मोकळ्या केल्या, मग मागं आला आनि विजेरीतला छोटा दिवा घेऊन तपासायला बसला. पहिला दिवा बॅटरीला लावला, लागला. म्हंजे बॅटरी बरी. मग बटनाच्या पलीकडे लावला, लागला. मग त्यानं स्वतः केलेल्या जोडाच्या पलीकडे, लागला. मग मामाच्या पहिल्या गाठीच्या पलीकडे लावला, आनि दिवा गेला. दादानं गाठ ओडली, पक्की. सुरी काडून टोकाला खरवडली, तर आतून तांबं वेगळंच चमकलं. दादा बोलला, मामा, ह्या सगळ्या अशाच मारल्यास काय. मामा बोलला, अशाच म्हंजे कशा, पक्क्या मारल्यात, ओडून बग.

काय करनार, जाळ्याची गाठ ती, सोडवायची बोललं तर सुटत नाय. एकेक कापावी लागली. मामाच सुरी घेऊन कापत होता आपल्या गाठी, वर मान करत नव्हता. दादा खरवडत होता आनि पीळ देत होता. आनि आबा त्यांच्यामदे जाऊन बसला, कोनी बोलवलं नाय, गेला, आनि मामा कापेल ते टोक डाव्या हातानं धरून द्यायला लागला. मामा बोलला, दाजी, माज्यामुळं झालं. आबा बोलला, गाठ चांगलीच होती रे, जागा चुकली. तेवढंच.

पन कापाकापीत तार आखूड झाली. मांडवापर्यंत पोचेना. मग दादानं खळ्याच्या कडेला आबाचीच होडी होती, कलती करून ठेवलेली, तिच्याआड बॅटरी ठेवली, झाडाच्या काड्या परत तारेला जोडल्या, आबाला तिथं नेऊन बटनाची फळी हातात दिली. बोलला, इथून पुढं डोकं काडायचं नाय, झाड जवळ हाय. आबा बोलला, मग मला दिसनार कसं. दादा बोलला, नाय दिसनार. आबानं माज्याकडे बगितलं, मी मांडवाच्या दारात, मला परत पाटावर बसवायला बायका ओडत होत्या. आनि तो होडीच्या आड खाली बसला, अंगठा बटनावर.

झाड पेटलं. एक सोडून सगळे नळे एकदम, वरून खाली, सोन्यासारखं. मांडवावर उजेड पडला, माज्या हातावर, हळदीवर उजेड पडला, वाजंत्री सुरू झाली, नवऱ्यानं आत पाऊल टाकलं. तो एक रायला तो दादानं थांबून मग भिजवून टाकला, सकाळी दर्यात बुडवला. सगळं पार पडलं. पन आबानं ते झाड बगितलं नाय. नंतर मला विचारलं, कसं होतं गं. मी सांगितलं, लई चांगलं होतं, आबा. तो बोलला, रेतीवर उजेड दिसला मला. मग आपल्या हाताकडे बगत बोलला, हाताला ऊब नाय लागली पन.

आता ह्याच्यापुढं सांगावं की नाय. सांगते. मला पहिली मुलगी झाली. गोरी, मोठ्या डोळ्यांची. दात यायच्या अगोदर गेली, तापानं, बोईसरला डॉक्टरकडे नेईपर्यंत माज्या मांडीवर गेली. आबा आला, माज्या घराच्या उंबऱ्यावर बसला, आनि बोलला, मी हातानं बत्ती लावली नाय म्हनून झालं हे. पुढं तो सारखं तेच बोलायला लागला. मुलगा आजारी पडला की तेच. नवऱ्याची होडी फुटली, तेच. बत्ती हातानं लावली असती तर. सनाला आला, जेवायला बसला, मधेच घास हातात घेऊन थांबायचा, मी समजायची आता काय बोलनार. आनि मला ते असं लागायचं आत, कारन बत्ती लावू दिली नाय ती कोनी, तर मी. त्याचा हात धरलेला मी. म्हंजे माजं बाळ गेलं त्याला मीच, असाच त्याचा अर्थ होतो ना. मी रडायची आनि रागवायची पन. एकदा तर बोलले, आबा, असंच बोलायचं असेल तर येऊ नको माज्या घरी. तरी तो यायचा. आनि तरी, तुमाला खरं सांगते, परत तो दिवस आला असता तर मी परत धरलं असतं. बाळ माजं होतं, पन तो पन माजाच होता.

आय गेल्यावर आबा शेवटी माज्याकडेच रायला. दादाची नोकरी लांब होती. म्हातारा झाला, खाटेवरून उठेना, डोळा एकच, तो पन अंदुक. एकदा दुपारची मी त्याला पेज भरवत होते, त्याचा तोच हात माज्या मनगटावर होता, त्या डागावर. त्यानं अंगठ्यानं डाग चाचपला. आनि बोलला, हिरे, मी किती हळू चाललो होतो त्या दिवशी.

मी बोलले, कुठल्या दिवशी. तो बोलला, काकडा घेऊन. तेवढं खळं मी एका दमात ओलांडायचो. त्या दिवशी हळू चाललो. माजा हात कापत होता, मला लई भय वाटत होतं, कोनी धरतं काय बगत चाललो होतो. सगळे बसून होते. तू उठलीस.

मी वाटी खाली ठेवली. मी बोलले, मग एवढी वर्षं ते बत्तीचं का बोलत होतास मला. आबा बोलला, तुला कुठं बोलत होतो, पोरी. तुजं बाळ गेलं, कोनाला तरी दोष द्यायला लागतो ना. देवाला कसा देऊ, तुला कसा देऊ. बत्तीला दिला.

बगा आता. एवढी वर्षं आमी दोगं, तो तिकडे तोंड करून, मी इकडे तोंड करून, आनि गोष्ट एवढीशी. पेज निवत होती, ती मी त्याला भरवली. चार घास जास्त खाल्ले त्यानं त्या दिवशी. मग पुढं थोड्याच दिवसांनी गेला. जाताना तो एक डोळा माज्याकडेच होता, तो मी वाचवलेला हाय, असं मला वाटतं, कोनाला वाटो न वाटो.

आता नातीचं लगीन झालं ना मागच्या महिन्यात, पालघरला हॉलमदे, तिथं पन झाडं उडवली, खोक्यातून वर उडतात, हातात रिमोट. एक खोकं उडलंच नाय. ते उडवनारा पोरगा, हिंदी बोलनारा, बगायला निगाला वाकून. मी खुर्चीवरून ओरडले, अरे रुक, पैले बॅटरी निकाल, बैठ उधर. तो बोलला, दादी, कुछ नहीं होता. मी बोलले, मेरे बाप को भी ऐसाच लगा था, कुछ नहीं होता. मग बसला गप. नात रागावली माज्यावर, सगळ्यांसमोर ओरडलीस म्हनून. रागावू दे.

चला, तुमची शेवटची गाडी असेल. माजं काय, गुडघे दुखतात, दर्या दिसत नाय, बाकी बरं हाय. तुमच्या घरी कार्य निगू दे, पोरंबाळं हसू दे, दारात उजेड पडू दे. पन बत्ती लांबून लावा. आनि घरातलं कोनी म्हातारं आगीकडे हळूहळू चालत जाताना दिसलं, तर लोकं काय बोलतील ते बगू नका. उठा आनि धरा.